व्याह्यांच्या वांग्यांची वाहवा

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. घरात कुणी फोटोंचा विषय काढला की मी उठून गॅलरीतल्या तुळशीला पाणी घालायला जायचो. त्या पाण्याने तुळस दोनदा कुजली. बायकोला वाटलं, म्हातारपणी माणूस देवाधर्माकडे वळला. खरं एवढंच होतं की व्याह्यांचं नाव निघालं की मला तिथे बसवत नसे. एका सरळ माणसाला आपल्या गावी, आपल्या थोरल्या भावाकडे परत जायचं होतं. मी त्याला जाऊ दिलं नाही, आणि तेही वांग्यांपायी. आता पंचाहत्तरी उलटली आहे, तुळसही तिसरी आणली आहे. सांगून टाकतो.

व्याही म्हणजे माझ्या सुनेचे वडील. अकोल्याकडचे. सगळी नोकरी शेतीखात्यात झाली. बायको गेल्यावर ते एकुलत्या एका मुलीकडे, म्हणजे हिंजवडीला माझ्या मुलाच्या फ्लॅटवर राहायला आले. मजला अकरावा. मुलगा आणि सून दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. सकाळी कंपनीची बस त्यांना उचलून नेई आणि संध्याकाळी पिळून झाल्यावर परत आणून टाकी. व्याही दिवसभर एकटे. खाली उतरलं तर रस्ता ओलांडता येत नाही आणि वर थांबलं तर बोलायला कुणी नाही. रोज संध्याकाळी भावाला फोन करायचा, हाच काय तो त्यांचा सण.

आम्ही मुलाकडचे. पुण्यात आता असलं काही कुणी मानत नाही, असं सगळेच म्हणतात. पण व्याही मानत, आणि ते मानतात म्हणून मीही मानून घेत असे. मी हिंजवडीला गेलो की ते उठून उभे राहत, माझ्या चपला सरळ करून ठेवत. मी "अहो, असू द्या" म्हणत असे, पण फार मोठ्याने नाही.

त्यांचा वेळ जावा म्हणून मुलाने आपला जुना कॅमेरा त्यांना दिला आणि त्यातले फोटो फोनवर घ्यायला शिकवलं. माणसं देवळांचे फोटो काढतात, सूर्यास्ताचे काढतात. हे भाज्यांचे काढू लागले. आठवड्यातून दोन-तीनदा पहाटेची बस धरून हिंजवडीहून मार्केट यार्डात जायचे, म्हणजे शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. तिथे गोण्या, ढीग, हमाल, तराजू असं सगळं टिपायचं, निवडून थोडी भाजी घ्यायची आणि परतताना आमच्याकडे नारायण पेठेत चहाला थांबायचं. मग आमच्याच जेवणाच्या टेबलावर एक पांढरं कापड पसरून त्यावर एकेक वांगं, एकेक लिंबू ठेवून पुन्हा फोटो.

ते कापड मी लगेच ओळखलं. लग्नात आम्ही त्यांना आहेर केलेलं शर्टपीस होतं ते.

"तुमचा आहेर फार कामी आला जी," ते अगदी मनापासून म्हणाले. "यावर सावली म्हणून पडत नाही."

पडणार कशी? कापड इतकं विरळ होतं की सावलीलाही त्यावर थांबता येत नसे.

पहिल्यांदा त्यांनी मला फोटो दाखवला तो वांग्याचा. दोन्ही हातांनी फोन माझ्यापुढे धरला आणि वाट पाहत उभे राहिले. मी चष्मा पुसला, पाहिलं, आणि म्हणालो, "वांगं आहे हे ओळखू येतं."

पुण्यात हा बरा अभिप्राय समजला जातो. याहून पुष्कळ खाली जाण्याची आमची तयारी असते. पण ते पडले अकोल्याचे. त्यांनी फोन हळूच खिशात ठेवला आणि म्हणाले, "ओळखू येते ना? मग पुरे झालं."

पुढे मुलाने त्यांच्या नावाचं एक पान उघडून दिलं. परदेशी साइट होती. तिथे कुणीही आपले फोटो ठेवावेत आणि ज्यांना जाहिरातीला, मेनूकार्डाला, पुस्तकाला फोटो लागतात त्यांनी ते विकत घ्यावेत. मुलाने मला त्या पानाची लिंक पाठवली आणि बजावलं, "बाबा, निदान बघा तरी. त्यांना बरं वाटेल."

मी बघितलं. फोटो नव्हे, अटी. माझी हयात विमा कचेरीत गेली. वस्तूपेक्षा तिच्या पाठीमागची बारीक छपाई वाचायची सवय हाडात मुरलेली. तर त्या बारीक छपाईत, अगदी तळाशी, एक योजना होती. कुणाही माणसाने तिथे आपलं नाव नोंदवावं. त्याला त्याच पानाची एक वेगळी लिंक मिळे, तिच्या शेवटी त्याच्या खुणेचं शेपूट. त्या शेपटीला धरून कुणी नवं गिऱ्हाईक आत आलं आणि त्याने खरेदी केली, की शेपटीच्या मालकाला दलाली. 'अफिलिएट' म्हणतात त्याला. फोटो काढायला नको, मार्केट यार्डात जायला नको, वांगं ओळखू आलं नाही तरी चालतं.

मला पेन्शन होती आणि कशाची ददात नव्हती, हे मुद्दाम नमूद करतो. गरज असती तर गुन्हा थोडा हलका तरी झाला असता. पण 'फुकट' आणि 'डॉलर' हे दोन शब्द एका वाक्यात मी जन्मात पहिल्यांदाच वाचत होतो. मी नाव नोंदवलं. मुलाला सांगितलं नाही, बायकोला सांगितलं नाही, आणि व्याह्यांना सांगायचा तर प्रश्नच नव्हता.

पुढच्या खेपेला व्याही आले ते जळगावची मोठी हिरवी वांगी घेऊन. कापड पसरलं, फोटो काढला, आणि संकोचाने माझ्यापुढे धरला. मी खुर्चीत सरसावून बसलो.

"वा! काय वांगं आहे हो! देठाचा काटा बोटाला टोचेलसं वाटतं."

व्याह्यांच्या हातातला कप बशीवर वाजला. स्वयंपाकघरातून बायकोने डोकं बाहेर काढलं.

"अहो, काय म्हणालात?"

"वांगं छान आहे म्हणालो."

"चाळीस वर्षं माझ्या भरल्या वांग्याला 'खाण्यालायक आहे' म्हणत आलात. आणि न शिजवलेल्या वांग्याला वा?"

"ती चव झाली. ही कला आहे."

त्या दिवशी वांग्यात मीठ नव्हतं.

व्याही निघाले आणि जिन्यातच थांबून त्यांनी गावी भावाला फोन लावला. हे भाऊ त्यांच्याहून मोठे, तेही विधुर, गावातल्या घरात एकटेच राहायचे. त्यांना ऐकू कमी येई, त्यामुळे फोन आमच्या सगळ्या इमारतीला झाला. "दादा! पुण्याच्या इवायानं वाहवा केली ना बाप्पा! हो, त्यायनंच! नाही, नाही, ताप-गिप काही नाही त्यायले!"

त्यांच्या बोलीत इवाई म्हणजे व्याही, म्हणजे मी. मला त्या वेळी हसू आलं होतं.

मग मी कामाला लागलो. आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या गटावर रोज सकाळी गुलाबाचं फूल आणि सुविचार टाकायचा रिवाज आहे. मी गुलाब बंद केला. त्या जागी व्याह्यांची मिरची, तिच्याखाली 'शब्द तिखट, मन गोड असू द्या', आणि त्याखाली शेपटीसकट लिंक. सोमवारी दोडका, मंगळवारी गवार. जुन्या कचेरीच्या गटावर एकाने विचारलं, "गवार काय भावाने लावली?" इमारतीच्या गटावर कुणी तरी 'कढीपत्ता राहिला' असं लिहिलं. आणि ज्येष्ठांच्या गटावर तिसऱ्याच दिवशी सूचना लागली : 'सदर गट भाजी ठेवण्यासाठी नाही. सुप्रभात निःस्वार्थ असावे. – सचिव.'

गटांतून छदाम मिळाला नाही. आमच्या पिढीला फोटो विकत घेतात हेच मान्य नाही. मग मी पेठेतले छापखाने धरले. लग्नपत्रिका, फ्लेक्स, खानावळींची मेनूकार्डं, सगळं इथेच छापून होतं. मी सकाळच्या फेरफटक्यात एकेका दुकानात शिरायचो आणि मालकाच्या पडद्यावर डोकवायचो.

"हा लिंबाचा फोटो कुणाचा?"

"नेटवरचा."

"नेट कुणाच्या तीर्थरूपांचं? उद्या परदेशातून नोटीस आली तर?"

"काका, लिंबू आहे. अणुबॉम्ब नाही."

"विमा नसलेला प्रत्येक माणूस असंच म्हणत असे," मी म्हणायचो आणि गप्प बसायचो. आयुष्यभराचा अनुभव आहे, घाबरवल्यानंतर गप्प बसायचं. समोरचा पुढचं काम स्वतःच करतो. दोघातिघांनी रीतसर फोटो घ्यायला सुरुवात केली. मी लिंक पाठवायचो आणि समोर उभा राहून ती दाबून घ्यायचो.

यातली गंमत मला हळूहळू कळली. गिऱ्हाईक एक फोटो घेत नाही, फोटोंचा गठ्ठा घेतं. व्याह्यांना त्यांच्या एका फोटोपुरते जे मिळे त्यात एक वांगं आलं असतं, तेही लहान. मला मात्र सगळ्या गठ्ठ्यावर दलाली. वांग्याच्या बापापेक्षा माझी मिळकत मोठी. व्याही मात्र खुशीत. साइटवर फोटो विकला गेला की मला फोन : "तुम्ही म्हणाले होते, लिंबं काढा. गेली पहा! तुमची नजर आहे जी." लिंबं काढा असं मी म्हणालो होतो, कारण छापखानेवाल्याला सरबताच्या गाडीचा फ्लेक्स करायचा होता. ते मात्र याला मार्गदर्शन समजत. हमालांचे, रिकाम्या तराजूंचे फोटो त्यांना फार आवडायचे. मी ते खपत नाहीत म्हणून बंद करायला लावले, आणि त्यांनी केले.

एकदा त्यांनी आग्रहाने मला मार्केट यार्डात नेलं. लिलाव चालू होता. गोण्यांच्या गल्लीत उभे राहून ते मला समजावत होते. "पाहा जी. घाम गाळला शेतकऱ्यानं. पीक काढलं त्यानं. आणि हे अडते? ना माती यांची, ना माल यांचा. नुसतं गिऱ्हाईक दाखवतात आणि आपला वाटा कापतात. आयुष्यभर पाहत आलो. मला या जातीचा भारी राग."

माझ्या खिशात फोन वाजला. मी पाहिलं. दलाली जमा झाली होती.

"कुणाचा निरोप?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. ऊन वाढणार आहे म्हणतात."

शेजारच्या गाळ्यावर बसलेल्या अडत्याने त्यांचं सगळं भाषण ऐकलं होतं. तो पान जुळवत म्हणाला, "काका, बोला बोला. पण आम्ही निदान गाळ्यावर पाटी लावून बसतो."

व्याही हसले. मी तेवढ्यात कोथिंबिरीचा भाव विचारायला पुढे गेलो. कोथिंबीर मला नको होती.

दिवाळी सरली आणि एका सकाळी ते रिकाम्या हातांनी आले. कॅमेरा नाही, पिशवी नाही. बसले, आणि म्हणाले, "तुमची परवानगी पाहिजे."

मुलीच्या सासऱ्याला विचारल्याशिवाय ते मोठा निर्णय घेत नसत. गावी परत जायचं म्हणत होते. "पोरगी सुखात आहे. माझं इथं काय आहे जी? तिकडं दादा एकटा. म्हणतो, ये, दोघं मिळून भाकरी थापू. ओसरीवर बसू. तुरीच्या शेंगा सोलू. आता किती वर्षं राहिली सांगा?"

यावर माणूस म्हणून एकच उत्तर होतं : जा. पण त्याच आठवड्यात एका छापखान्यात मसाल्याच्या पाकिटांचं काम आलं होतं. धने, जिरे, मिरी, दगडफूल, सगळे फोटो हवे होते आणि मी शब्द देऊन बसलो होतो.

"जा की," मी म्हणालो. "पण तुमच्या कलेचं काय?"

"तिकडं वांगी नाहीत का?"

"वांगी असतील हो. पारखी कुठून आणाल?"

मग त्यांनी खाली बघतच विचारलं, "खरं सांगा. खरंच बरे असतात का फोटो? मला वाईट नाही वाटणार."

ती वेळ होती. मी म्हणालो, "व्याहीबुवा, पुण्यात कुणी उगाच चांगलं म्हणतं का?"

खोट्या मालावर इतकं खरं लेबल मी नोकरीतही कधी लावलं नव्हतं. त्यांचे डोळे भरले. जिन्यात पुन्हा फोन झाला : "दादा, पुढल्या वर्षी येतो. इकडं काम आहे. हो, इवाई नाही म्हनतात."

बायको दारात उभी राहून ऐकत होती. "अहो, जाऊ द्यायचं होतंत त्यांना," ती म्हणाली. मी म्हणालो, "मी कुठे धरलंय?"

पुढल्या वर्षी भाऊ न्हाणीत घसरले. खुब्याचं हाड मोडलं. त्यांचा मुलगा हैदराबादला असतो, तो येऊन त्यांना घेऊन गेला. गावच्या घराला कुलूप लागलं. व्याही हैदराबादला जाऊन भावाला भेटून आले आणि नेहमीसारखे चहाला आले. "ओसरीवर गवत उगवलं म्हणतात," एवढंच बोलले. मग माझ्याकडे बघून हसले. "असो. इथं तुम्ही आहात."

त्या रात्री जेवण गेलं नाही. साइटवरचं माझं खातं मी बंद करून टाकलं. लगेच नाही, थोडे पैसे काढायचे अडकले होते, ते निघाल्यावर. हेही लिहितो, कारण लिहायचंच तर सगळं लिहावं. त्या पैशांचं मी लक्ष्मी रस्त्यावरून उत्तम, जाड, पांढरंशुभ्र सुती कापड घेतलं आणि माफी मागायला हिंजवडीची बस धरली.

बस वाकडच्या अलीकडे जी थांबली ती थांबलीच. मी मनात वाक्यं जुळवत होतो. 'व्याहीबुवा, मला माफ करा. मी आपल्याला फसवलं.' नको, 'फसवलं' फार होतं. 'माझ्याकडून चूक झाली.' हे फार थोडं. बस हलेना, वाक्यंही हलेनात. मी ती पुटपुटत होतो याचा पत्ता मला शेजारच्या मुलामुळे लागला. कानातलं यंत्र काढून तो म्हणाला, "काका, केलं माफ. आता जरा सरकता का?"

अकराव्या मजल्यावर पोचलो. व्याही उठून उभे राहिले. मी कापड टेबलावर ठेवलं, चपला त्यांनी उचलायच्या आत बाजूला सरकवल्या आणि दोन्ही हात जोडले. "व्याहीबुवा, मला माफ –"

त्यांचा चेहरा पांढरा पडला. मुलाच्या बापाने मुलीच्या बापापुढे हात जोडायचे, याचा त्यांच्याकडे एकच अर्थ होतो : झालं एवढं बस झालं, आता आमचा नमस्कार घ्या. त्यांनी माझे जोडलेले हात दोन्ही हातांनी धरून ठेवले आणि वाकून माझ्या पायांपर्यंत गेले.

"काय चुकलं जी? पोरीकडून काही बोललं गेलं का? लहान आहे, मी माफी मागतो."

"अहो, नाही, ऐका तर –"

"मी तुमच्याकडं सकाळी सकाळी यायचो, त्रास होत असेल. नाही येणार. लग्नात जिलेबी थंड होती, तेही मला ठाऊक आहे. आजपर्यंत बोललो नाही. माफ करा."

सून त्या दिवशी घरूनच काम करत होती, ती आतल्या खोलीतून कानाला हेडफोन लावलेली धावत आली. "बाबा, काय झालं? मी काही बोलले का?" आता दोघं माझ्यापुढे हात जोडून उभे. मी वाकू पाहतो तर व्याही माझ्याहून खाली. मी खाली बसावं तर ते जमिनीवर. शेवटी मी ओरडलो, "काही नाही हो! कापड आणलंय फक्त!"

माफी मागायला गेलो होतो, माफ करून परतलो.

पण परतण्याआधी आणखी एक झालं. सून पोहे करायला गेली, तेव्हा व्याह्यांनी नवं कापड पसरलं. त्यावर एक वांगं ठेवलं. फोटो काढून नेहमीसारखा दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. मी चष्मा पुसला आणि पहिल्यांदाच, खरोखर पहिल्यांदाच, पाहिलं. जाड कापडावर वांग्याची सावली पडली होती. थोडी वाकडी, शांत, एखाद्या म्हाताऱ्या माणसाने भिंतीला टेकून बसावं तशी. माझ्या तोंडून आपोआप गेलं, "सुंदर आहे हो."

व्याही हसले आणि फोन खिशात ठेवत म्हणाले, "तुम्ही तर नेहमीच म्हणता जी."

त्यानंतरही मी दोनचारदा हात जोडून पाहिले. प्रत्येक वेळी ते माझ्याआधी वाकले. मग पुतण्याने हैदराबादला मोठं घर घेतलं आणि काकांना बोलावून घेतलं. दोघं म्हातारे आता तिथे एका खोलीत असतात, ओसरीऐवजी नवव्या मजल्यावर. पुणे स्टेशनवर मी त्यांना पोचवायला गेलो होतो. ठरवून गेलो होतो, की खिडकीतून हात जोडले तर त्यांना वाकायला जागा नसेल. गाडी हलली. मी हात वर केले, तोंड उघडलं, आणि त्यांनी गजांतून आपले हात बाहेर काढून जोडले. "काही चुकलंमाकलं असेल तर माफ करा!" निघताना म्हणायचं ते माझं वाक्य त्यांनीच म्हणून टाकलं. मी फलाटावर नुसता मान हलवत राहिलो, जणू करतोच आहे माफ.

म्हणून गाडी गेल्यावर जे तिथे उभा राहून म्हणालो, ते इथे म्हणतो. व्याहीबुवा, वाकू नका, बसून ऐका. पहिल्यांदा वांग्यांची वाहवा केली तेव्हा मी वांगी पाहिलीच नव्हती, मी अडत्या होतो, आणि पाटी लावली नव्हती. ओसरीवर तुम्ही दोघं भाऊ बसायला हवे होतात, ती ओसरी मी धने-जिऱ्यासाठी रिकामी ठेवली. त्या सावलीचा फोटो मात्र खरंच सुंदर होता. चुकलं ते माझं. मला माफ करा जी.